सोलापुरात क्राईम बीट घ्यायचं की कोर्ट बीट?

पुतणीला पेपरात दोन्हीपैकी एक बीट, म्हणजे रोज बातम्या आणायचं ठरलेलं क्षेत्र, निवड म्हणलेत, घरचे सगळे क्राईम घे म्हणतायत, रोज नाव छापून येतं म्हणून. मी दोन्ही केलंय, त्यामुळं तिला माझं मत आधीच सांगतो, कोर्ट घे.

क्राईमला वेग आहे हे खरं. शहराचं पोलीस आयुक्तालय वेगळं, ग्रामीणचं एसपी ऑफिस वेगळं, दोन्हीकडच्या प्रेसनोट, आणि पान सुटायच्या वेळेला कुठंतरी अपघात झालेला असतोच. ओळखी पटापट होतात, पहिलं पानही मिळतं. पण बातमी बहुतेक वेळा फिर्यादीत लिहिलंय तेवढीच असते.

कोर्टात मात्र बसून राहावं लागतं. सकाळी जाऊन बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसची यादी, बघायचं, कुठलं मॅटर कुणापुढं आहे ते टिपायचं, पुकारा व्हायची वाट बघायची आणि दोन तासांनी कळतं की पुढची तारीख पडली. सुरुवातीचे सहा महिने कंटाळा येतो, शिवाय पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, इथनं शिकायचं. 1 जुलै 2024 पासून फौजदारी कायदे बदलले, खुनाचं कलम 302 आता 103 झालं, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनीच कलमं चालतात म्हणून दोन्ही पाठ पाहिजेत. चार्जशीट गुन्ह्याप्रमाणं 60 किंवा 90 दिवसांत आली नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, ती तारीख डायरीत लिहून ठेवली तर बातमी तुझी एकटीची. आणि आपण अक्कलकोटकडचे, तुला कन्नड कळतं, साक्षीदार काय बोलला ते दुसऱ्याला विचारावं लागणार नाही.

निकाल लागला की वकील स्वतःच मजकूर पाठवतात, शेवटी "सरकारतर्फे यांनी तर आरोपीतर्फे यांनी काम पाहिले" ही ओळ असते. तो तसाच लावू नकोस, निकालपत्र वाच, हरलेल्या बाजूचं म्हणणंही त्यातच सापडतं. कामकाजाचा योग्य आणि अचूक वृत्तांत दिला तर कोर्टाचा अवमान होत नाही, 1971 च्या कायद्यातच आहे तसं. अत्याचाराच्या केसमध्ये पीडितेचं नाव सोडच, गाव, शाळा, नातेवाईक, ओळख पटेल असं काहीच नको, हे दोन्ही बीटला सारखंच.

पगारात म्हणावा असा फरक नाही. पण 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालंय, सोलापूर जिल्हा त्यात येतो, म्हणजे आपल्याकडच्या केसचा माग आता मुंबईऐवजी कोल्हापुरात काढायचा.

मी क्राईमला असताना एकाच्या अटकेची बातमी चार कॉलम लावली होती. काही वर्षांनी मी कोर्ट करत होतो आणि तो निर्दोष सुटला, बाहेर व्हरांड्यात मला म्हणाला, "साहेब, हे पण तेवढंच मोठं येईल का?" डेस्कशी भांडलो तरी आतल्या पानावर सिंगल कॉलमच लागली. पण लागली तरी, कारण त्या दिवशी तिथं कुणीतरी बसलेलं होतं. क्राईमवाला परत कधी त्या केसकडं बघत नाही, त्याला वेळच नसतो.

धावपळच आवडत असेल तर क्राईम घे, मी नाराज नाही होणार. फक्त सोमवारी पेपरवाल्यांना सांगायच्या आधी एक दिवस माझ्याबरोबर चल, साडेदहाला कोर्टाच्या गेटवर ये, वही आण.