वाघोलीचा निळा गुच्छ आणि माझे २७,५०० रुपये

बारा वर्षे झिओलाइट गटातल्या खनिजांचे नमुने जमवणाऱ्या माणसाने कॅव्हनसाइटमध्ये फसावे, हे लिहिताना शरम वाटते. परंतु मला फसवणारा विक्रेता अजूनही संग्राहकांच्या घरी फिरतो आहे, म्हणून लिहितो.

पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून निघणारे हे गडद निळे खनिज, म्हणजे कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचे सिलिकेट, जगभर मागणीत आहे. त्याच्या स्फटिकांचा सुटा गुच्छ स्वस्तात मिळतो, मात्र तोच स्टिलबाइट या पांढऱ्या खनिजावर उगवलेला असेल तर किंमत कित्येक पटींनी वाढते. असा एक नमुना मी १८,५०० रुपयांना घेतला आणि पेंटागोनाइट म्हणून दुसरा ९,००० रुपयांना. पेंटागोनाइटचे रासायनिक घटक कॅव्हनसाइटचेच असतात, फक्त स्फटिकरचना वेगळी असते, त्यामुळे क्ष-किरण किंवा रमन (लेझर प्रकाशाने होणाऱ्या) तपासणीचा अहवाल नसेल तर त्या नावाचे जादा पैसे देऊ नका.

भिंगातून पाहताना गुच्छाच्या बुडाशी काचेसारखी चकाकणारी एक कड मला दिसली होती. मी विचारलेही. "काका, स्टिलबाइटचीच चमक आहे ती, नाजूक माल आहे, हात लावू नका," असे तो म्हणाला आणि मी भिंग खिशात ठेवले. स्टिलबाइटच्या पात्यांच्या सपाट पृष्ठावरची चमक मोत्यासारखी असते हे मला पाठ आहे. तरीही खोलीतला दिवा पिवळा होता, दुसरे गिऱ्हाईक दारात उभे होते, आणि निळा रंग अगदी अस्सल होता. त्या क्षणी थांबलो असतो तर पैसे वाचले असते.

घरी ॲसिटोनचा बोळा लावून ठेवल्यावर कड पांढुरकी होऊन मऊ पडली, गुच्छ हातात आला आणि त्याखाली स्टिलबाइटची अखंड पाती दिसली. ओळखीच्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांनी दोन्ही नमुने तपासले: पहिल्यातला गुच्छ खरा, पण चिकटवलेला; दुसरा साधे कॅव्हनसाइट. ओरखडा काढून परीक्षा करू नका, कॅव्हनसाइटचे काठिण्य मोह्सच्या १ ते १० या मापावर जेमतेम ३ ते ४ असते. अतिनील टॉर्च जवळ ठेवा. कित्येक गोंद त्याखाली चमकतात.

पोलीस चौकीत मला विचारले गेले, "खनिज खरे आहे ना? मग फसवणूक कसली?" पैसे यूपीआयने दिले म्हणून सायबर शाखेत धाडले, तिथे, व्यवहार समोरासमोर झाला म्हणून, पुन्हा चौकीत. चार खेपा झाल्या, दरवेळी नव्या माणसाला दगड म्हणजे काय इथपासून समजवावे लागले, आणि पक्की पावती नाही हे ऐकताच प्रत्येकाने वही मिटली. पावतीवर खनिजाचे नाव, ठिकाण आणि "नमुना गोंदाने जोडलेला नाही" हे शब्द लिहून घ्या. माझ्या अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकसुद्धा पडलेला नाही.