इलेक्ट्रोलिसिसच्या नावाखाली महिनोनमहिने नुसते चिमट्याने केस उपटले, पैसे भरण्याआधी हे वाचा

लिहू की नको करत तीन आठवडे गेले. हनुवटीवरच्या केसांबद्दल बोलायचं म्हणजे आधीच लाज वाटते, त्यात फसले हे सांगायचं म्हणजे अजूनच. पण ज्या बाईंकडे मी इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून करंटने मूळ मारायची पद्धत, करायला जायचे, त्याच बाईंकडे परवा ओळखीतलीच एक मुलगी पॅकेज घ्यायला निघाली होती, तिला कसंबसं थांबवलं आणि म्हटलं आता लिहायचंच.

आधी आकडे सांगते. 24 सिटिंगचं पॅकेज, एक सिटिंग 30 मिनिटांचं, सगळे पैसे आगाऊ. माझा 2 महिने 11 दिवसांचा पगार गेला त्यात. दर तीन आठवड्यांनी एक अशी 17 सिटिंग झाली, म्हणजे 11 महिने. उरलेल्या 7 सिटिंगचा एक पैसा परत मिळालेला नाही. आजच भरलं तर सूट, उद्यापासून रेट वाढणार, हे सगळं तुम्हाला माहितीच आहे, ते परत उगाळत नाही.

आणि कृपा करून "आधी चौकशी करायची ना" असं कोणी म्हणू नका. केली होती. मला पीसीओएस आहे, म्हणजे हार्मोन्सचा त्रास, त्यात चेहऱ्यावर केस येतात, वयाच्या 19 व्या वर्षापासून रोज सकाळी आरसा आणि चिमटा घेऊन बसायचे. लेझर करून झालं, केस पातळ झाले, परत आले. मग वाचलं की अमेरिकेची एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्थासुद्धा लेझरला केस कायमचे कमी करणारं म्हणते, पण कायमचे काढणारं फक्त इलेक्ट्रोलिसिसला मानते. पद्धतही आजकालची नाही, 1875 साली चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने पापण्यांचे आत वळलेले केस काढायला ती वापरली होती. त्यामुळे पद्धतीवर माझा आजही राग नाही. पहिल्या चार सिटिंगनंतर ती माझ्यावर केलीच गेली नाही, याचा आहे.

आता ज्या गोष्टीने रात्री झोप लागत नाही ती सांगते. पहिल्या चार सिटिंगला बाई माझ्या हातात ओल्या स्पंजमध्ये गुंडाळलेली धातूची कांडी द्यायच्या, घट्ट धरून ठेवा म्हणायच्या. सुई आत गेली की थोड्या वेळाने गरम गरम, चुरचुरल्यासारखं व्हायचं. पाचव्या सिटिंगला कांडी दिलीच नाही. मी विचारलं, "मॅडम, ती कांडी?" तर म्हणाल्या, "ताई, आता पॉवर सेट झाली, तुम्हाला गरज नाही." आणि त्या दिवशी चुरचुरलंच नाही. मी खूश झाले हो! मला वाटलं कातडीला सवय झाली, आता त्रास कमी झाला. घरी येऊन आईला फोन करून सांगितलं की आज अजिबात दुखलं नाही.

कार्डवर मात्र दर वेळी त्या "ब्लेंड" असं लिहून शिक्का मारत होत्या. ब्लेंड म्हणजे दोन प्रकारचे करंट एकत्र, त्यातला एक डायरेक्ट करंट, जो केसाच्या मुळाशी असलेल्या मीठ आणि पाण्यापासून कॉस्टिक सोडा तयार करतो आणि मूळ मारतो. हा करंट वाहायला सर्किट पूर्ण लागतं, एक टोक सुईत आणि दुसरं तुमच्या हातात. हातात काही नाही आणि अंगाला दुसरीकडेही काही लावलेलं नाही म्हणजे डायरेक्ट करंट नाही, म्हणजे ब्लेंड नाही. हे शाळेतलं विज्ञान आहे आणि मी समोर झोपून ते बघत होते. नुसत्या उष्णतेवर चालणारी थर्मोलिसिस पद्धत असते, तिला कांडी लागत नाही, पण मग तसं सांगा आणि तसं लिहा. आणि तिच्यातही उष्णता जाणवते. मला पाचव्या सिटिंगनंतर काहीच जाणवलं नाही, फक्त केस ओढताना डोळ्यात टचकन पाणी यायचं.

ते ओढणं हीच खरी खूण होती. नीट करंट दिलेला केस चिमट्याने नुसता उचलला की सरकत बाहेर येतो, अडकत नाही. "ओढल्यासारखं लागतंय" असं मी निदान सहा वेळा म्हटलं असेन आणि दर वेळी उत्तर एकच, "मुळापासून निघतोय ना ताई, लागणारच." मुळाशी पांढरं बोंड दाखवायच्या, बघा म्हणायच्या. अहो, नुसता उपटला तरी बोंड येतंच! त्यावर विश्वास ठेवू नका.

केस परत यायचे तेव्हा म्हणायच्या की हे नवीन आहेत, आधी झोपलेले होते, आणि शिवाय तुमचे हार्मोन्स. यात अर्धं खरं आहे म्हणूनच माणूस फसतो. केसांची वाढ टप्प्याटप्प्याने होते, सगळे एकदम वर दिसत नाहीत, खरं काम असलं तरी वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. पण काम खरं असेल तर तोच भाग साफ करायला लागणारा वेळ हळूहळू कमी व्हायला पाहिजे. माझी हनुवटी पहिल्या दिवशी 30 मिनिटांत साफ झाली आणि सतराव्या सिटिंगलाही पूर्ण 30 मिनिटंच लागली. कार्डवर केसांचा आकडासुद्धा लिहायच्या, तेराव्या सिटिंगचा आहे 300. 1800 सेकंदात 300 केस, म्हणजे एका केसाला 6 सेकंद, त्यात सुई घालायची, करंट द्यायचा आणि केस काढायचा. ब्लेंडला नुसता करंटच कितीतरी सेकंद द्यावा लागतो. हा हिशोब मी घरी बसून केला, सगळं संपल्यावर.

कळलं कसं, तर सतराव्यानंतर दुसऱ्या एका अनुभवी बाईंना दाखवायला गेले. त्यांनी सुईचं सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडलं, मोठं भिंग आणि दिवा जवळ घेतला, एकाच केसाला करंट दिला आणि चिमटा माझ्याच हातात दिला, "तुम्हीच काढा." आरशात बघत काढला. लोण्यातून निघावा तसा आला. मी तिथेच रडायला लागले, त्या बिचाऱ्या घाबरल्या, त्यांना वाटलं दुखलं. कोणाकडेही जा, पैसे देण्याआधी हे मागा: एक केस माझ्यासमोर करा आणि मला काढू द्या. नाही म्हणाले तर उठून या.

पुढचं अजून संतापजनक. पोलिसांकडे गेले तर तिथले साहेब माझ्या हनुवटीकडे बघून म्हणाले, "केस परत आले याची तक्रार?" आणि शेजारचा हसला. अर्ज घेतला नाही. आरोग्य खात्यात गेले, ते म्हणाले त्या डॉक्टर नाहीत, आमच्यात बसत नाही. ब्युटी पार्लरची परवानगी देणारं ऑफिस म्हणालं सुई आणि करंट आहे म्हणजे वैद्यकीय, आरोग्य खात्यात जा. परत आरोग्य खातं. चार अर्ध्या रजा गेल्या या चकरांत, माझ्या ऑफिसातल्या साहेबांकडे रजा मागताना कारण काय सांगायचं तेही कळेना. शेवटी ग्राहक तक्रार केली तर विचारतात की करंट दिला नाही याचा पुरावा काय? कुठून आणू? चेहऱ्यावरचे केस दाखवू? पावतीवर "स्किन केअर सर्व्हिस" एवढंच लिहिलंय, इलेक्ट्रोलिसिस हा शब्दच नाही. म्हणून सांगते, पावतीवर पद्धतीचं नाव, सिटिंगची मिनिटं आणि परताव्याची अट लिहून घ्या, आगाऊ पॅकेज तर घेऊच नका, एकेका सिटिंगचे द्या. बाईंचं उत्तर तर तयारच होतं, तुम्ही मध्ये घरी उपटलं असणार. मी 11 महिन्यांत एकदाही उपटलं नाही, फक्त कात्रीने कापले, आणि तुम्हीही मधल्या काळात कापा किंवा शेव्ह करा पण उपटू नका, नाहीतर हेच ऐकावं लागेल.

आता त्या दुसऱ्या बाईंकडे जाते. वेळ मी स्वतःच्या डायरीत लिहिते, आत्तापर्यंत 30, 30, 26 आणि 21 मिनिटं. तक्रारीचं अजून काही झालेलं नाही, विचारायला गेलं की फाइल वर पाठवली म्हणतात. आणि गेल्या आठवड्यात जुन्या बाईंचा मेसेज आला, ताई, तुमची 7 सिटिंग बाकी आहेत, तारीख कधीची देऊ.