दवबिंदूचं किट: रोप झकास, सूचनांचा कागद फेकून द्या

ऑनलाइन मिळणाऱ्या या किटात 4 इंची कुंडीतलं ड्रॉसेरा कॅपेन्सिस या कीटकभक्षी दवबिंदूचं रोप, मूठभर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ), बशी आणि सूचनांचा कागद येतो. रोप खरंच चांगलं. वाटेत पानांवरचं चिकट दव सुकतं, त्याची धास्ती नको. आठ-पंधरा दिवसांत नवी पानं दव धरतात. जुनी बहुधा कोरडीच राहतात.

कागदावर मात्र ‘रोज साधं पाणी द्या’ असं छापलंय. नागपुरात हे रोपाच्या जिवावरच बेततं. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातलं हे झाड. दलदलीच्या आम्ल जमिनीत नत्र नावालाच, म्हणून ते चिलटं पकडून भागवतं. मुळांना क्षार सोसत नाहीत. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, 50 पीपीएमच्या आत हवा. बोअरचं पाणी त्याच्या कैक पट भरतं. पावसाचं साठवलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. आरओचंही मीटर लावूनच, कारण काही मशीन शेवटी क्षार परत मिसळतात. कूलरच्या टाकीतलं तर चुकूनही नको: पाणी उडतं, क्षार उरतात. कूलरच्या ताट्यांवर धरणारा पांढरा थर तोच.

बशीत कायम एक-दीड सेंटीमीटर पाणी ठेवा. कुंडी बदलताना पीट मॉस (कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) समसमान. कोकोपीट स्वस्त पडतं, पण त्यात मीठ असतं. खत कुठलंच नाही, गांडूळखतसुद्धा.

एखादा डास, नाहीतर टाकीतल्या शोभेच्या माशांच्या खाद्याचा मोहरीएवढा ओला कण पानावर ठेवून बघा. लाल टोकांचे केस आधी वाकतात, मग काही तासांत अख्खं पान त्यावर दुमडतं. पनीर, मटण वगैरे लाड केले की बुरशी येऊन पान सडतं.

खरी परीक्षा मे महिन्यात. पारा 45ला टेकला की दव आटतं. पूर्वेची खिडकी, दुपारी हिरवी जाळी, आणि कूलरचा झोत थेट अंगावर नको. वरचं सगळं करपलं तरी कुंडी लगेच टाकू नका, मुळांतून फुटवे येतात.

विक्रेत्यानं इथल्या गिऱ्हाइकाला ड्रॉसेरा बर्मानी द्यायला हवं होतं. ते आपल्याकडचंच, ऊन जास्त सोसतं, आयुष्य थोडं असलं तरी बी टाकून पुन्हा उगवतं. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, पावसाळ्यात दवबिंदू दिसतात म्हणून उपटून मात्र आणू नका; ओल्या जांभ्यावरची ती नाजूक मुळं प्रवासात टिकत नाहीत. किट मागवायचंच तर पावसाळा लागल्यावर मागवा.