मांडवला मुक्काम: चौकात, सागर तलावाकाठी की दरीच्या कडेला?

मध्य प्रदेशातलं मांडव (मांडू) म्हणजे पठारावरचा जुना गड आणि त्यातलं गाव, इंदूरहून जेमतेम शंभर किलोमीटर. म्हणून बहुतेक मंडळी सकाळी पोहे-जलेबी खाऊन निघतात आणि रात्री घरी परततात. अशा धावपळीत रूपमती मंडप नेमका भर दुपारी पदरात पडतो आणि जहाज महाल गर्दीत उरकावा लागतो. एक रात्र राहिलं तर दोन्ही ठिकाणं हव्या त्या वेळी पाहता येतात. पण त्यासाठी हॉटेलच्या फोटोआधी ते पठारावर नेमकं कुठे आहे ते बघायला हवं.

जामा मशीद आणि होशंगशहाचा मकबरा गावातल्या मुख्य चौकालाच लागून आहेत, जहाज महाल तिथून चालत जाण्याइतका जवळ. रूपमती मंडप मात्र दक्षिणेच्या टोकाला, चौकापासून साधारण सहा किलोमीटरवर. सागर तलाव या वाटेवरच लागतो, गावापासून दोनेक किलोमीटर पुढे.

स्वतःची गाडी असेल तर पहिली पसंती सागर तलावालाच. मध्य प्रदेश पर्यटनाचं मालवा रिसॉर्ट इथे तलावाच्या काठावर आहे. उजाडताच निघालं की पर्यटकांच्या गाड्या येण्याआधी रूपमतीवर पोचता येतं. हवा स्वच्छ असेल तर तिथून खाली निमाडचं मैदान आणि लांबवर नर्मदेची रेघ दिसते. बुकिंग करताना ‘तलावाकडे तोंड असलेली कॉटेज’ असं स्पष्ट सांगावं, नुसतं ‘लेक व्ह्यू’ म्हणून मोकळं होऊ नये. एप्रिल-मेमध्ये मात्र या खोलीसाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. पठारावर मोठी नदी नाही, सगळी मदार पावसाच्या साठ्यावर, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी काठापासून बरंच आत सरकतं.

दरीच्या बाजूच्या खोल्यांचं गणित याच्या उलट आहे. गडात शिरण्याआधीची काकडा खोह ही खोल दरी आणि आसपासची कड बघून लोक श्रावणातच तिथे राहायचा हट्ट धरतात. मांडव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे. पावसाळ्यात ढग पठारावरच उतरतो आणि कित्येकदा सकाळचे दहा वाजले तरी खिडकीबाहेर पांढऱ्या पडद्यापलीकडे काही दिसत नाही. ज्या देखाव्याचे पैसे भरले तोच गायब! धुकं अंगावर घ्यायला जायचं असेल तर गोष्ट वेगळी. दरी बघायची असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. तेव्हा गडाच्या तोंडाशी असलेलं मालवा रिट्रीट हे हॉटेल चांगलं.

बसने येणाऱ्यांनी आणि आजी-आजोबांना घेऊन आलेल्यांनी चौकच गाठावा. इंदूरच्या गंगवाल बसस्टँडवरून थेट गाडी मिळाली नाही तर धारला बदलावी लागते आणि बस उतरवते ती चौकात. लॉज साधे असतात, पण चहा, औषधं, भाड्याची सायकल, सगळं दारात मिळतं. जैन धर्मशाळा स्वच्छ आणि स्वस्त पडते. मात्र तिथले नियम पाळायची तयारी हवी, जेवण सूर्यास्ताआधी आणि कांदा-लसूण नाही. रात्री नऊला भूक लागणाऱ्या मुलांसाठी ही जागा नव्हे.

गावकऱ्यांच्या घरातले होमस्टे जेवणासाठी निवडावेत, सोयींसाठी नाही. मक्याच्या पिठाचे पानिये पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, सोबत उडदाची डाळ. याला तास-दीड तास सहज लागतो, म्हणून पोचण्याआधीच फोनवर सांगून ठेवावं. दारात उभं राहून मागितलं तर पोळी-भाजी मिळेल. संडास खोलीला लागून आहे की अंगणापलीकडे, आणि भाडं खोलीचं आहे की माणशी जेवणासकट, हे दोन प्रश्न आधीच विचारावेत. भांडणं होतात ती दुसऱ्यावरून.

पावसाळ्यात कुठेही राहा, खोली वरच्या मजल्याची मागा. तळमजल्याच्या, आठवडाभर बंद राहिलेल्या खोल्यांना ओल धरते, गाद्या दमट लागतात. खोलीत शिरल्यावर सामान सोडण्याआधी उशीला हात लावून बघा आणि पलंगामागच्या भिंतीवर पोपडे आलेत का तेही. ‘लाइट गेली तर?’ याला सगळीकडे ‘इन्व्हर्टर आहे’ असंच उत्तर येतं. इन्व्हर्टरवर दिवा-पंखा चालतो, गीझर नाही. गरम पाणी हवंच असेल तर जनरेटरचं विचारा, नाहीतर बादलीभर पाणी चुलीवर तापवून मिळेल का ते. खिडकीला जाळी नसेल तर संध्याकाळी दिवा लावताच खोली किड्यांनी भरते.

पावसाळ्यातल्या शनिवारची आणि पंधरा ऑगस्टच्या आसपासची खोली आयत्या वेळी मिळणं कठीण. बुधवार-गुरुवार जमत असेल तर भावही उतरतो आणि घासाघीसही करता येते. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघायचा मोह टाळलेला बरा. बेटमा, लेबड, धारपर्यंत रस्ता सोपा आहे, पण नालछ्याच्या पुढे अंधार आणि धुकं एकत्र आले की गडाच्या दरवाजांजवळची वळणं दिसत नाहीत. शनिवारी पहाटे निघणं उत्तम. पेट्रोल धारलाच भरून घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा, कारण रेंज गेली की यूपीआयही गेलं. जहाज महालाचा परिसर, होशंगशहाचा मकबरा-जामा मशीद आणि रूपमती या तिन्ही ठिकाणी तिकीट वेगवेगळं काढावं लागतं.

गुडघे दुखणारी मंडळी जास्त असतील आणि चढउतार नकोच असेल, तर मुक्काम चाळीसेक किलोमीटरवरच्या महेश्वरला हलवा आणि मांडव दिवसा करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाणाऱ्यांनी परतीच्या गाडीत जागा ठेवावी. मांडवची सीताफळं तेव्हा रस्त्यावरच मिळतात, फक्त टणक बघून घ्यावीत. पिकलेली धारपर्यंतही धड टिकत नाहीत.