बोटूक्रायो: कुठल्या घोड्याला लागू पडतं, कुठल्याला नाही

गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनात मुरलेला माणूस घोड्याच्या रेताकडे वळला की पहिल्या हंगामात वैतागतो. वळूचं रेत पातळ करायचं, ०.२५ मिलीच्या कांडीत (प्लास्टिकच्या बारीक नळीत) भरायचं आणि गोठवायचं. एका कांडीत दोन कोटी शुक्राणू असले तरी गाय राहते. घोड्याचं तसं नाही. रेत भरपूर आणि पातळ, त्यात जेल, वर प्लाझ्मा (शुक्राणूंभोवतीचा द्रव) काढून टाकल्याशिवाय गोठवणं शक्यच नाही. एका रेतनाला ०.५ मिलीच्या आठ-आठ कांड्या लागतात. शिवाय वळू पिढ्यानपिढ्या रेत नीट गोठतं की नाही हे बघून निवडले गेले. घोडा निवडला जातो पळण्यावर, उडीवर, दिसण्यावर. त्याचं रेत गोठतं का, हे कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून ब्राझीलच्या बोटूफार्मा कंपनीचं बोटूक्रायो, म्हणजे घोड्याचं रेत गोठवायचं माध्यम, हाती आलं तेव्हा मी आधी एकच गोष्ट पाहिली: त्यात गोठणरक्षक (गोठताना पेशी वाचवणारं रसायन) कोणतं आहे? ग्लिसरॉल अगदी थोडं, मुख्य भर मेथिलफॉर्मामाइडवर. सगळी मेख इथेच आहे.

ग्लिसरॉलने शुक्राणू गोठवून जिवंत ठेवता येतात हे १९४९ मध्ये कळलं, आणि १९५७ मध्ये गोठवलेल्या शुक्राणूंपासून घोडी गाभण राहिल्याची पहिली नोंद झाली. तेव्हापासून ग्लिसरॉल हेच चलनात आहे. पण त्याचा रेणू जड आणि घट्ट. रेणुभार ९२, मेथिलफॉर्मामाइडचा ५९. ग्लिसरॉल पेशीत हळू शिरतं, हळू बाहेर पडतं. शिरताना पेशी आकसते. वितळल्यावर बाहेरचं द्रावण एकदम सौम्य झालं की पाणी आत घुसून ती फुगते. घोड्याच्या शुक्राणूच्या पडद्याला ही ओढाताण झेपत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली शेपट्या मुडपलेले, गोल गोल फिरणारे शुक्राणू दिसले की मला आधी याचीच शंका येते. हलका रेणू झटकन आतबाहेर करतो, त्यामुळे हा मार कमी बसतो.

कागदावर हे छान दिसतं. आपल्या घोड्यावर काय होतं हे बघायचं तर एकच रेत दोन भागांत वाटून निम्मं जुन्या माध्यमात आणि निम्मं नव्यात गोठवायचं. सोमवारचं एकात आणि गुरुवारचं दुसऱ्यात अशी तुलना कुणी दाखवली तर मी बघतसुद्धा नाही. घोड्याच्या दोन दिवसांच्या रेतात तसाही फरक असतो.

आमच्याकडच्या तीन घोड्यांपैकी सबजा हा गोठण्याच्या बाबतीत मधला. ताजं रेत उत्तम, पण ग्लिसरॉलच्या माध्यमात वितळल्यानंतर सरळ पुढे जाणारे शुक्राणू ३० टक्क्यांच्या खालीच. साधारण ३० ते ३५ टक्के ही किमान रेषा धरतात, त्यामुळे त्याच्या कांड्या टाकून द्याव्या लागत. बोटूक्रायोत तोच घोडा रेषेच्या आरामात वर गेला. दुसरा घोडा कुमैत, त्याचं रेत मात्र कशातही गोठतं. त्याच्या दोन्ही भागांत मला फरक दिसला नाही. तिसरा म्हातारा आहे, त्याला याचा काडीचाही उपयोग झाला नाही. तिथे गोठवण्याआधी कोलॉइडमधून (शुक्राणू गाळणाऱ्या दाट द्रावणातून) सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे जोरात फिरवून, चांगले शुक्राणू वेगळे काढले तेव्हा थोडं जमलं, पण त्यात इतके शुक्राणू वाया जातात की कांड्या मोजक्याच भरतात.

माध्यम बदललं तरी बाकीच्या कामातून सुटका नाही. जेल गाळून रेत दुधाच्या डायल्यूटरमध्ये (पातळ करायच्या द्रावणात) निम्मं-निम्मं मिसळायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये ६०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ६०० पट) वर दहा मिनिटं फिरवायचं, वरचं पाणी काढून गाळ बोटूक्रायोत अलगद मोकळा करायचा. पिपेटने भसाभसा ओढलंत तर निम्मी मेहनत तिथेच गेली. मग कांड्या भरून ५ अंशांवर वीस मिनिटं, त्यानंतर थर्मोकोलच्या पेटीत द्रव नायट्रोजनच्या ६ सेंटिमीटर वर, वाफेत वीस मिनिटं, आणि मग बुडवायच्या. हे ६ सेंटिमीटर पेटीच्या तळापासून नव्हे, नायट्रोजनच्या पातळीपासून मोजायचे. नायट्रोजन उकळून खाली जातो आणि अंतर वाढतं, म्हणून तरंगणारी जाळी बरी. प्रोग्रॅम होणारं फ्रीझर असेल तर उत्तमच, पण नीट वापरलेली पेटी लाजिरवाणी नाही.

वितळवल्यावर पहिल्या मिनिटाला जे दिसतं त्यावर मी भाळत नाही. ३७ अंशांवर तीस सेकंद वितळवलेलं रेत त्याच तापमानाला अर्धा तास ठेवून पुन्हा बघते. पहिल्या नजरेत झकास धावणारे आणि अर्ध्या तासात थंडावणारे शुक्राणू मी भरपूर पाहिलेत. सबज्याचा इथेही फरक टिकला, म्हणून माझा विश्वास बसला. एक सूचना: अंड्याचा बलक असलेल्या कोणत्याही माध्यमात बारीक कण तरंगतात आणि संगणकी मोजणी त्यांना न हलणारे शुक्राणू समजू शकते. आकडा विचित्र आला तर स्वतः डोळा लावा.

आणि घोडी! गाभ राहिला नाही की दोष थेट बाटलीवर जातो. गोठवलेले शुक्राणू घोडीत ताज्यासारखे दोन-दोन दिवस टिकत नाहीत. हिशोब जेमतेम बारा तासांचा असतो. फॉलिकल (अंडाशयातली बीज असलेली पुटी) फुटण्याच्या आसपास सहा-सहा तासांनी स्कॅन करायची तयारी नसेल, रात्री उठायचा कंटाळा असेल, तर कुठलंही माध्यम घ्या, निकाल तोच. ज्या बाजूला फॉलिकल आहे त्या बाजूच्या गर्भाशयाच्या शिंगाच्या टोकाशी रेत सोडता आलं तर कमी कांड्यांत भागतं. रेतनानंतर गर्भाशयात पाणी धरणाऱ्या वयस्क घोडीवर नव्या माध्यमाची परीक्षा घेऊ नका, त्यातून माध्यमाबद्दल काहीच कळणार नाही.

ज्यांचा घोडा ग्लिसरॉलमध्ये थोडक्यात नापास होतो त्यांनी हे नक्की वापरावं. ज्याचा आधीच पास होतो त्याने फक्त नवं आहे म्हणून घेऊ नये. सबज्याच्या पुढच्या हंगामाच्या सगळ्या कांड्या मी यातच भरणार आहे. कुमैताचं जुनंच चालू ठेवलंय, आणि त्याच्या जुन्या कांड्यांवर गाभण राहिलेल्या घोड्यांची नोंद हाताशी असताना ते बदलायचं कारण मला तरी दिसत नाही.