प्लुओटच्या नावाखाली चार खुंट, 295 डॉलर

सॅन फ्रान्सिस्को बे एरियात परसात प्लुओट (प्लम आणि जर्दाळूचा संकर) लावायच्या तयारीत असाल तर आधी हे वाचा, आम्ही फसलोय. प्लुओटचे दोन वाण घेतले: दोन ‘फ्लेवर किंग’, दोन ‘डॅपल डँडी’, प्रत्येकी 65 डॉलर, घरपोच आणायचे 35. एकूण 295, तेही कार्डाने नव्हे, थेट खात्यात. ओरडू नका, घरात ओरडून झालंय.

बेअर-रूट, म्हणजे मातीविना उघड्या मुळांची, रोपं जानेवारीत येतात तेव्हा त्यांना पानं नसतात, म्हणून अशा विक्रेत्यांचं फावतं. पण कलमाचा सांधा, म्हणजे खालचा मुळांचा खुंट आणि वरचा वाण जोडलेली जागा, लपत नाही. मुळांच्या वर वीतभरावर खोड किंचित वळतं, खुंट छाटल्याची भरलेली जखम दिसते, वरखाली सालीचा रंग बदलतो. या चारही काड्या मुळापासून शेंड्यापर्यंत सरळसोट! मुळं भिजवली, गुडघ्याच्या उंचीवर छाटलं, सांधा मातीच्या वर ठेवायचा म्हणून तो शोधला. सापडला नाही. आणि ‘भरून आला असेल’ म्हणत लावून टाकल्या. अजून जळफळाट होतो.

वर विक्रेत्याचं वाक्य, ‘एकटं झाडही फळतं.’ फ्लेवर किंगला परागासाठी सांता रोझा प्लम किंवा फ्लेवर सुप्रीम प्लुओट जवळ हवंच, हे पाठ होतं. पण एकदम चार झाडं घेताना कोण वाद घालत बसतं? सांध्याचा फोटो मागा, पैसे देण्याआधी.

तिसऱ्या वर्षी फळं आली ती जूनमध्येच पिकली. बोराएवढी, आंबट. फ्लेवर किंग पिकतो ऑगस्टच्या सुमारास, आतून लालभडक. हा निघाला मायरोबालन, प्लमची कलमं बांधायचा खुंट. नाव मोडेस्टोच्या फ्लॉइड झायगरांच्या वाणाचं, माल खुंटाचा.

बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलिसांनी तक्रारीचा क्रमांक दिला, पुढे सामसूम. काउंटीचं शेती खातं विचारतं, विक्रेत्याचा नर्सरी परवाना क्रमांक काय? अहो, तो असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो! (तुम्ही मात्र तो आधीच मागा.) स्मॉल क्लेम्सची (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाची) फी 30 डॉलरच, पण नोटीस बजावायला पत्ता लागतो, हातात आहे एक बंद फोन नंबर. ‘तीन वर्षं काय करत होता?’ हेही ऐकून घेतलं. झाड फळायला वेळ लागतो, हे शेती खात्याला आम्ही शिकवायचं?

झाडं उपटू नका. खुंट चिवट आहे, भारी मातीतही टिकतो. खात्रीच्या झाडाच्या काड्या जानेवारीत घ्या, ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, मार्चमध्ये साल सुटू लागली की याच खुंटांवर कलम बांधा. त्या फ्रिजमध्ये सफरचंदं नकोत. त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने काड्यांवरच्या कळ्या मरतात.