मिटत्या पंखांचं हेलकॅट: जुन्या १/४८ किटचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते. पंख खरोखर मिटणारं हेलकॅट, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन नौदलाच्या लढाऊ विमानाचं खऱ्याच्या १/४८ आकाराचं प्लॅस्टिक मॉडेल, हातात हवं असेल, तर हा जुना किट शोधून घ्यावा. कॉकपिटमधला एकेक खटका दिसायला हवा असेल, तर घेऊ नये. त्यासाठी आजचे किट आहेत आणि त्या बाबतीत ते फार पुढे गेले आहेत. माझं विमान पूर्ण होऊन कपाटात आलं त्याला बरेच महिने झाले. बडोद्याचा उन्हाळा झाला, पावसाळा झाला, घरातल्या मुलांनी ते भरपूर हाताळलं. म्हणून आता लिहिते आहे.

किट अमेरिकन, गडद निळ्या प्लॅस्टिकचा, माझ्या जन्माच्याही आधीच्या साच्यातला. दांडिया बाजारात ओळखीच्यांचा वाडा रिकामा होत होता, तेव्हा माळ्यावरून निघाला. खोक्याचे कोपरे वाळवीने खाल्लेले, पण आतल्या पिशव्या फोडलेल्याही नव्हत्या.

आता पंख. विमानवाहू जहाजावर जागेची सदाची टंचाई. हेलकॅटचे पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १३ मीटर, मिटले की रुंदी पाच मीटरच्या आत. नौदलाची पुष्कळ विमानं पंख वर उचलून मिटत. त्यात रुंदी वाचते, पण जहाजाच्या पोटातल्या हँगरचं छत आड येतं. हेलकॅट बनवणाऱ्या ग्रमन कंपनीने पंख आधी फिरवून मग मागे नेला, शरीराला लागून. त्यासाठी बिजागरीचा आस तिरका हवा, आणि तो नेमका किती तिरका हे कंपनीचे एक संस्थापक लिरॉय ग्रमन यांनी खोडरबरात पेपरक्लिप खोचून शोधलं. आधी ही युक्ती कंपनीच्या वाइल्डकॅट या आधीच्या लढाऊ विमानावर आली, मग हेलकॅटवर. हा किट बांधण्याआधी तुम्हीही खोडरबर आणि पेपरक्लिप घेऊन बसा. पाच मिनिटांत कळतं की क्लिप थोडी जरी सरळ राहिली, तरी पंख शरीराला आपटतो किंवा आकाशाकडे तोंड करून थांबतो.

किटमध्ये हाच तिरका आस प्लॅस्टिकच्या एका बारीक खिळीवर पेलला आहे. पंख बाहेरच्या बाजूने धरून हलकेच मागे न्यायचा. पुढची कड खाली वळते, वरची बाजू बाहेर येते, तिच्यावरची अमेरिकन निशाणीची चांदणी समोर दिसते आणि पंख शेपटीकडे जाऊन शरीराला टेकतो. खऱ्या विमानातही डेकवरची माणसं पंख असेच हाताने ढकलत. नव्या किटांमध्ये बहुधा दोनपैकी एक निवडायचं असतं: पंख उघडा चिकटवा, नाहीतर मिटलेला चिकटवा. मग ती हालचाल चित्रातच राहते. माझ्या भाच्याने पहिल्यांदा पंख मिटला तेव्हा तो काही बोललाच नाही. उघडला, मिटला, परत उघडला. मग विचारलं, "मावशी, पण तोफा जमिनीकडे कशा गेल्या?" त्या तोफा नव्हेत, मशीनगन. प्रत्येक पंखात तीन, एकूण सहा. पण प्रश्न अगदी बरोबर होता आणि उत्तर त्या तिरक्या आसातच आहे.

खिळीजवळ प्लॅस्टिक जोडायच्या द्रावकाचा एक थेंबही जाऊ देऊ नका. मी तिथे आधी मेणाचा पातळ हात फिरवला आणि आजूबाजूचे भाग कोरड्या ब्रशने जोडले. रंगही तिथे अगदी पातळ द्यायचा, जाड झाला की पंख अडतो. मी इतकं करूनही महिन्याभरात सांध्याच्या कडेला रंग घासून निळं प्लॅस्टिक दिसायला लागलं. त्याचा रंग जवळपास तोच असल्याने डोळ्यांत येत नाही. फिकट करड्या प्लॅस्टिकचा किट असता तर ते खटकलं असतं.

शरीराचे दोन अर्धे भाग नीट जुळतात, पंखाच्या मुळाशी मात्र फट पडते. इथे बडोद्यात राहण्याचा फायदा झाला. रसायनांचं गाव, द्रावक सहज मिळतं. स्प्रूचे, म्हणजे किटचे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिचे, तुकडे त्यात विरघळवून घट्ट लगदा केला आणि फटीत भरला. गाड्यांच्या रंगकामाची पुट्टीही चालते, पण ती वाळताना आकसते. माझ्या एका बाजूला पुट्टी होती, दुसऱ्या बाजूला लगदा. मे महिन्याच्या उकाड्यानंतर पुट्टीच्या बाजूने केसाएवढी भेग आली, लगद्याची बाजू अजून अभंग आहे. हे काम करताना खिडक्या उघड्या हव्यात आणि मुलं त्या खोलीत नकोत.

रिव्हेट वर आलेले आहेत, पत्र्यांच्या रेषाही उठावाच्या. पुष्कळ लोक सगळं घासून नव्याने रेषा कोरतात. मला ते पटत नाही. खऱ्या हेलकॅटच्या शरीरावर पत्रे एकमेकांवर चढवून बसवलेले होते, कडा खरोखरच वर आलेल्या. शेपटीकडच्या भागावर हा उठाव योग्यच दिसतो. पंखांवर तो जरा जास्त झाला आहे, तिथे मी बारीक वॉटर पेपरने अर्धा उतरवला.

इंजिन बेताचं. खऱ्या विमानातल्या आर-२८०० इंजिनाला दोन ओळींत १८ सिलिंडर आणि ताकद २,००० अश्वशक्ती. किटमध्ये पुढचीच नऊ, तीही एका चकतीवर उमटवलेली. पंख्यामागून कोणी वाकून पाहत नाही, त्यामुळे मी काळा आणि चंदेरी हात देऊन सोडून दिलं. कॉकपिटमध्ये खुर्ची आणि वैमानिक, बस्स. वैमानिकाला बसवाच, त्याच्याशिवाय आत पोकळी दिसते.

रंगाबद्दल थोडं जास्त. १९४४ पासून अमेरिकन नौदलाची लढाऊ विमानं आपादमस्तक चकचकीत गडद निळी झाली. तोच रंग या लहान आकारावर घरातल्या दिव्याखाली सरळ काळा दिसतो. मी निळ्यात पांढऱ्याचा चांगला अंश मिसळला आणि तेव्हा कुठे ते निळं विमान झालं. बडोद्यात जुलै-ऑगस्टमध्ये फवारा मारू नका. हवेतल्या दमटपणाने लॅकरवर पांढरट झाक बसते आणि ती पुसून जात नाही. पाऊस ओसरेपर्यंत थांबणं बरं.

डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांचा, कागद हळदीसारखा पिवळा झाला होता. खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात ठेवला, पिवळेपणा बराच गेला. पाण्यात टाकण्याआधी त्यावर पारदर्शक लाखेचा एक हात द्याच, नाहीतर इतक्या जुन्या डिकलचे तुकडे होतात. चांदणी बरोबर छापली आहे: पांढरी, दोन्ही बाजूंना पट्टे, मध्ये लाल ठिपका नाही. जपानी निशाणीशी गफलत नको म्हणून तो ठिपका मे १९४२ मध्ये काढला गेला आणि हेलकॅट पहिल्यांदा उडालं ते २६ जून १९४२ ला. म्हणजे हेलकॅटवर तो कधी असायचं कारणच नव्हतं.

बडोद्यात पाहुणे विचारतात, हेच का, स्पिटफायर का नाही? प्रश्न रास्त आहे, ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्पिटफायर स्क्वाड्रनला बडोद्याचं नाव होतं, गायकवाडांच्या देणगीमुळे. पण हेलकॅटही आपल्यापासून फार दूर नव्हतं. ब्रिटिश नौदलाच्या इंडॉमिटेबल जहाजावरून ती हिंदी महासागरात लढली, जानेवारी १९४५ मध्ये सुमात्रातल्या पालेंबांगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवरच्या हल्ल्यात होती. दुसरा किट मिळाला तर मी त्याच खुणा लावणार आहे.

एकूण १२,२७५ हेलकॅट बनली, आणि पुढची हकीकत मला फार आवडते: १९४२ ते १९४५ एवढ्या काळात मूळ आराखडा फारसा बदलावाच लागला नाही. किटमध्येही तोच सरळपणा आहे. भाग थोडे, आकार ठसठशीत, चुकीच्या जागी काही बसतच नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाबरोबर बांधायला हा नव्या, शंभर तुकड्यांच्या किटपेक्षा चांगला.

महिन्यांनंतर काय बिघडलं? डाव्या पंखाची खिळी थोडी सैल झाली आहे. मिटलेला राहतो, पण उघडल्यावर टोक किंचित झुकतं. खिळीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात देऊन वाळवल्यावर पकड परत आली. मऊ रबरी टायर जिथे प्लॅस्टिकच्या चाकाला टेकतात तिथे प्लॅस्टिक चिकट व्हायला लागलं होतं, म्हणून टायर काढून आतून रंगाचा थर दिला. कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, स्वच्छ आहे, डिकल कुठे उचललेले नाहीत.

विकत घेताना खोकं उघडून तीन गोष्टी बघा: कॅनपीला तडा आहे का, बिजागरीच्या दोन्ही खिळ्या स्प्रूवर शाबूत आहेत का, आणि टायर पिशवीत वेगळे आहेत की इतर भागांना चिकटून पडले आहेत. खिळ्या नसतील तर घेऊ नका, मग त्या किटमध्ये घेण्यासारखं फारसं उरत नाही.